भोंगा थांबल्यावर

लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत आम्हां भावंडांना इंदूरला मावशीकडे पाठवीत. खंडव्याला मोठी गाडी सोडायची, मीटरगेजच्या डब्यात बसून कालाकुंड-पातालपाणीचा घाट चढायचा आणि गिरण्यांच्या चिमण्या दिसू लागल्या की सामान गोळा करायचे, हा दरवर्षीचा शिरस्ता. मावशीचे घर परदेशीपुऱ्यात, गिरणी कामगारांच्या वस्तीत होते. घरात मराठी, अंगणात हिंदी आणि शेजारच्या म्हाताऱ्यांची माळवी अशी तिहेरी बोली कानांवर पडे. आपल्याकडच्या दुभाषी घरांना याचे नवल नाही. आम्हांला नवल वाटे ते भोंग्याचे. भिंतीवर घड्याळ होते, पण मावशीचा स्वयंपाक, मुलांची शाळा, नळाचे पाणी सारे भोंग्याच्या आवाजावर चाले.

मावशीचे यजमान तिथल्याच एका गिरणीत साचेखात्यात होते. आम्ही त्यांना काका म्हणत असू. एकदा मी त्यांना विचारले, ‘‘काका, गिरणी कुणाची हो?’’ ते पान लावता लावता म्हणाले, ‘‘शेठजींची. चालवतो आम्ही.’’ त्या वेळी मला हे उत्तर सरळ वाटले. पुढे इतिहासात एम.ए. केले, तीस वर्षे शाळेत शिकवले, तेव्हा लक्षात आले की काकांच्या त्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत फार मोठा प्रश्न आहे. गिरणी शेठजींची आणि चालवणारे कामगार, हे शेठजी गिरणी चालवू इच्छितात तोवर ठीक. शेठजींनी हात काढून घेतला, भोंगा थांबला, तर गिरणी कुणाची? आणि चालवणाऱ्यांनी ती पुढे चालवायची म्हटले, तर त्यांना चालवता येते का?

हा प्रश्न पुस्तकी नाही. आपल्या देशात तो प्रत्यक्ष विचारला गेला आहे, आणि त्याची उत्तरेही मिळाली आहेत. या लेखात त्यांचाच मागोवा घ्यायचा आहे.

* * *

इंदूर हे कापडाचे शहर झाले ते होळकरांच्या काळात. दुसऱ्या तुकोजीराव महाराजांनी १८६६ च्या सुमारास संस्थानच्या मालकीची कापडगिरणी काढण्याचे मनावर घेतले. याच महाराजांनी १८७० च्या सुमारास खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. माळव्याच्या काळ्या जमिनीत कापूस उत्तम पिके. रेल्वे आली, तसा कापूस मुंबईला जाऊ लागला आणि यंत्रे इकडे येऊ लागली. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत मालवा, हुकुमचंद, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी, भंडारी अशा गिरण्या उभ्या राहिल्या. अफू आणि कापूस यांच्या व्यापारात पैसा मिळवलेल्या सावकारांनी तो गिरण्यांत घातला. त्यांत सर सेठ हुकुमचंद यांचे नाव सर्वांत मोठे. पहिल्या महायुद्धात विलायती कापड येईनासे झाले आणि या गिरण्यांची भरभराट झाली.

कामगार आले ते चहूंकडून. उत्तर प्रदेशातून, राजस्थानातून, माळव्याच्या खेड्यांतून आणि खानदेश-निमाडातूनही. त्यांच्या संघटनाही तितक्याच तोलाच्या होत्या. राष्ट्रीय मजूर काँग्रेसच्या बाजूने व्ही. व्ही. द्रविड आणि रामसिंहभाई वर्मा यांनी काम उभे केले. द्रविड पुढे राज्याचे मजूरमंत्री झाले. डाव्या बाजूला होमी दाजी होते. ते १९६२ साली इंदुरातून लोकसभेवर निवडून गेले. कामगारांची वस्ती म्हणून नंदानगर वसले, सहकारी पतपेढी निघाली. म्हणजे सहकार हा शब्द इंदूरच्या कामगाराला परका नव्हता. पतपेढीत त्याचा भाग होता. गिरणीत मात्र नव्हता.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अनंत चतुर्दशीला इंदुरात गिरण्यांच्या झांक्या निघतात. आपण ज्याला देखावे म्हणतो, ते गाड्यांवर रचून, दिव्यांनी सजवून रात्रभर शहरातून मिरवतात. ही परंपरा सुमारे शंभर वर्षांची आहे. प्रत्येक गिरणीतले कामगार महिना-दीड महिना आधीपासून झांकीच्या कामाला लागत. सुतार, रंगारी, वायरमन सगळे खात्यातलेच. कोणाची झांकी पहिली येते, यावर परदेशीपुऱ्यात वर्षभर वाद चालत. काका हिरिरीने भाग घेत. हा तपशील ध्यानात ठेवावा, शेवटी त्याकडे परत यायचे आहे.

* * *

सत्तरीच्या दशकापासून गिरण्यांना उतरती कळा लागली. याचे खापर एकट्या मालकांवर फोडणे सोपे, पण इतिहासाला धरून नाही. यंत्रे जुनी झाली होती, ती बदलायला पैसा घातला गेला नाही, हे खरे. पण कृत्रिम धाग्याचे कापड आले, आणि यंत्रमागाचे स्वस्त कापड आले, हेही तितकेच खरे. ते यंत्रमाग कुठले? आपल्याच बुऱ्हाणपूरचे, मालेगावचे, इचलकरंजीचे, भिवंडीचे. मुंबईत १९८२ च्या जानेवारीत अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, त्या संपाच्या काळात यंत्रमागाने आपली जागा आणखी पक्की केली. एका गावाचा भोंगा बंद झाला, तो काही अंशी दुसऱ्या गावाच्या खटखटीमुळे, ही गोष्ट आपण कापडाच्या पट्ट्यातल्या माणसांनी मान्य केली पाहिजे.

इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. सुमारे पाच हजार नऊशे कामगार एका दिवसात रस्त्यावर आले. पुढची कहाणी न्यायालयाची आहे. २००१ मध्ये कंपनी अवसायनात निघाली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने कामगारांचे देणे सुमारे २२९ कोटी रुपये ठरवले. पण ठरवणे वेगळे आणि मिळणे वेगळे. मिलची साडेबेचाळीस एकर जमीन शहराच्या मध्यात. ती कुणाची, कुणी विकायची, आधी पैसे कुणाला द्यायचे, यात वर्षे गेली. कामगार मात्र मिलच्या आवारात नेमाने जमत राहिले. मध्यंतरी २०१७ मध्ये काही रक्कम हाती पडली. अखेर मध्य प्रदेश गृहनिर्माण मंडळाने जमिनीच्या बदल्यात पैसा भरला, आणि २५ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुमारे ४,८०० कामगारांसाठी २२४ कोटी रुपये देण्याचा कार्यक्रम झाला.

१९९१ ते २०२३. बत्तीस वर्षे. मी दहावीच्या मुलांना हे गणित फळ्यावर घालून दाखवले. २२४ कोटी भागिले ४,८००, म्हणजे माणशी साडेचार लाखांच्या थोडे वर. एका मुलाने विचारले, ‘‘सर, बत्तीस वर्षांचे व्याज धरले का?’’ दुसऱ्याने विचारले, ‘‘बत्तीस वर्षांपूर्वी तीस वर्षांचा असलेला माणूस आज बासष्टचा. मग जो तेव्हा पन्नाशीचा होता त्याचे काय?’’ त्याचे काय, ते सांगायला नको. दोन हजारांहून अधिक कामगार ही रक्कम पाहायला राहिले नाहीत.

माझ्या काकांची गिरणीही बंद झाली होती. ती कोणती, ते महत्त्वाचे नाही. सकाळी सात वाजता घरातून निघायची सवय मात्र गेली नाही. ते फाटकापर्यंत चालत जात आणि परत येत. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. फाटकाच्या फटीतून आत वाढलेले गवत दाखवून ते म्हणाले, ‘‘साचे आत आहेत, आम्ही बाहेर आहोत. दोघांनाही गंज चढतोय.’’

* * *

काका जे म्हणत होते, त्यावर मुंबईत एक प्रयोग आधीच होऊन गेला होता. कुर्ल्याला लालबहादूर शास्त्री मार्गावर ‘कमानी’ नावाचा बसथांबा आहे. नाव कारखान्यावरून पडले. रामजी हंसराज कमानी यांनी उभ्या केलेल्या उद्योगसमूहातला ‘कमानी ट्यूब्ज’ हा कारखाना तांब्या-पितळेच्या नळ्या तयार करी. साखर कारखाने, वीज केंद्रे, शीतयंत्रे यांना अशा नळ्या लागतात. माल चांगला होता, मागणीही होती. पण संस्थापकांच्या पश्चात घरात भाऊबंदकी माजली, कर्ज वाढले, देणी थकली, आणि १९८५ च्या सप्टेंबरात कारखाना बंद पडला. सुमारे सहाशे कामगार बेकार झाले.

इथपर्यंतची गोष्ट हजार कारखान्यांची आहे. पुढची निराळी. कामगारांची संघटना होती कमानी एम्प्लॉईज युनियन, आणि तिचे नेते होते डी. थंकप्पन. त्यांनी नुकसानभरपाई मागितली नाही. नवा मालक शोधून द्या, असेही म्हटले नाही. कारखाना आमच्या सहकारी संस्थेला द्या, आम्ही चालवतो, अशी मागणी त्यांनी केली आणि ती थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली.

काळ अनुकूल होता, हेही सांगायला हवे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने कलम ४३-अ आले होते आणि उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याचे एक मार्गदर्शक तत्त्व ठरले होते. १९८२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निकाल दिला होता की, कंपनी अवसायनात काढण्याचा अर्ज चालू असताना कामगारांना आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. तोवर कायद्याच्या दृष्टीने कंपनी म्हणजे भागधारक आणि सावकार. कामगार हा त्या घरातला नोकर. नोकराला घराच्या वाटणीत बोलायचा हक्क नसतो. त्या निकालाने तो दिला. मग १९८५ मध्ये आजारी उद्योगांसाठी कायदा झाला आणि त्याखाली एक मंडळ आले. त्याला सगळे बीआयएफआर म्हणत. आजारी कारखाना जगवायचा की मोडीत काढायचा, हे या मंडळाने ठरवायचे.

या मंडळाने ६ सप्टेंबर १९८८ रोजी कमानीच्या कामगारांची योजना मंजूर केली. जुन्या भागधारकांपैकी काहींनी हरकत घेतली, ती सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. भागधारकांचे भाग नाममात्र किमतीत कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आले. कामगारांनी पगारातली कपात मान्य केली, भविष्यनिर्वाह निधीतला पैसा भागभांडवलात घातला. ज्या पैशावर मुलीचे लग्न व्हायचे, म्हातारपण निघायचे, तो पैसा त्यांनी बंद कारखान्याच्या भट्टीत टाकला. बँका आणि वित्तसंस्था पुढे आल्या. कारभारी मंडळात कामगारांचे प्रतिनिधी बसले, त्यांच्या जोडीला व्यवसाय जाणणारे व्यवस्थापक नेमले गेले. तीन वर्षे पडून राहिलेली यंत्रे चालती झाली. देशभरातून लोक पाहायला येऊ लागले. आजारी कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेकडे सोपवण्याची त्या मंडळाची ही पहिलीच योजना होती.

चालवता येतो का, या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. कारखाना चालला. नळ्या निघाल्या, विकल्या गेल्या, पगार झाले.

* * *

लेख इथेच संपवला असता तर वाचकांना बरे वाटले असते. पण कमानीचा कारखाना टिकला नाही. नव्वदीच्या दशकातच तो पुन्हा अडचणीत आला आणि शेवटी बंद झाला.

का? ‘‘कामगारांना धंदा काय कळतो,’’ असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण जरा खोलात जाऊन पाहावे. तांब्याची नळी करायला आधी तांबे विकत घ्यावे लागते. तांब्याचा भाव लंडनच्या बाजारात ठरतो आणि रोज बदलतो. माल विकल्यावर पैसे यायला दोन-तीन महिने लागतात. मधल्या काळात तांबे, वीज, पगार हे सारे चालवायला हाताशी पैसा लागतो. व्यापारी त्याला खेळते भांडवल म्हणतो. जुन्या शेठजीकडे ते नसले, तर त्याची पत असे, नातेगोते असे, दुसरा कारखाना असे. कामगारांच्या संस्थेकडे यांतले काहीच नव्हते. होता तो भविष्यनिर्वाह निधी. तो एकदाच घालता येतो. त्यातच १९९१ नंतर आयातीवरचे कर उतरले, बाजार बदलला. आणि घरातली भांडणेही होती. काल जो खांद्याला खांदा लावून फाटकावर बसला, तो आज व्यवस्थापनात गेला. पगारवाढ मागायची ती कोणाकडे? संघटना आणि कारभारी मंडळ यांत ताण आले. मालकाशी भांडायला शिकलेल्या माणसाला स्वतःशी हिशेब मांडायला वेळ लागतो. तेवढा वेळ मिळाला नाही.

म्हणजे कमानी बुडाला तो कारागिरीच्या बाजूने नव्हे. तो बुडाला वहीखात्याच्या बाजूने.

हे म्हणणे पारखून पाहायला दोन उदाहरणे घेऊ. पहिले इंदुरातच सापडते. इंदूरला गेलात तर इंडियन कॉफी हाउसमध्ये जरूर बसा. पगडीला पंख्यासारखा तुरा लावलेला वाढपी तुमच्यापुढे कॉफी ठेवील. तो नोकर नव्हे, सभासद आहे. १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिले कॉफी हाउस निघाले, मग देशभर पसरली. ती कॉफी बोर्डाची होती. पन्नाशीच्या दशकात बोर्डाने ती बंद करायला घेतली आणि माणसे कामावरून निघू लागली. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना सांगितले, तुम्हीच चालवा. १९५७ च्या ऑगस्टात बंगळूरला कामगारांची पहिली सहकारी संस्था झाली, पाठोपाठ दिल्लीला, केरळात आणि इतरत्र. मध्य प्रदेशातली कॉफी हाउसे जबलपूरची संस्था चालवते. कपबशा विसळण्यापासून सुरुवात करायची, मग वाढपी, मग व्यवस्थापक, अशी तिथली चढण. साठ-पासष्ट वर्षे लोटली, संस्था चालू आहेत. का चालल्या? कॉफीला खेळते भांडवल फारसे लागत नाही. सकाळी दूध आणले, संध्याकाळी गल्ल्यात पैसे. उधारी नाही, लंडनचा भाव नाही.

दुसरे उदाहरण विड्यांचे. निपाणीकडच्या वाचकांना विडी कामगाराचे जिणे सांगायला नको. १९६६ मध्ये विडी व सिगार कामगारांसाठी कायदा झाला. किमान सोयी द्याव्या लागतील म्हणून मंगळूरच्या मोठ्या विडीवाल्यांनी १९६८ मध्ये उत्तर केरळातले आपले कारखाने बंद केले. सुमारे बारा हजार कामगार बेकार झाले. १९६९ च्या फेब्रुवारीत कन्नूरला ‘दिनेश विडी’ ही कामगारांची सहकारी संस्था निघाली. इथे एक फरक होता. केरळ सरकारने कामगारांना भाग घेण्यासाठी कर्ज दिले आणि धंदा चालवायलाही पैसा पुरवला. सुरुवातीच्या वर्षांत पाठीशी कोणी उभे राहिले. संस्था वाढत वाढत बेचाळीस हजार कामगारांपर्यंत गेली. पुढे लोक विडी कमी ओढू लागले, तशी तिने मसाले, छत्र्या, कपडे अशी कामे अंगावर घेतली. विडी संपत आली, संस्था राहिली.

परदेशातही हेच दिसते. वेल्समधली टॉवर नावाची कोळशाची खाण १९९४ मध्ये सरकारी कोळसा कंपनीने परवडत नाही म्हणून बंद केली. २३९ खाणकामगारांनी नोकरी सुटल्यावर मिळालेल्या रकमेतून माणशी आठ हजार पौंड काढले, खाण विकत घेतली आणि १९९५ च्या जानेवारीत पुन्हा सुरू केली. ती २००८ पर्यंत चालली. बंद पडली ती कोळसा संपल्यामुळे. त्यांना नोकरी सुटताच हातात पैसा मिळाला होता, हे विसरू नये. हुकुमचंदच्या कामगारांना आपला पैसा बत्तीस वर्षांनी मिळाला. पहिल्या वर्षी मिळालेला पैसा भांडवल होऊ शकतो. बत्तीस वर्षांनी मिळालेला पैसा औषधपाण्याला जातो.

* * *

शाळेत मी मुलांना विचारतो, सहकार म्हणजे काय? पहिले उत्तर ठरलेले, ‘‘साखर कारखाना, सर.’’ चूक नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या आसपास प्रवरेला जो कारखाना उभा केला, त्याने महाराष्ट्राचे रूप बदलले. शेतकरी कारखाना काय चालवणार, असे तेव्हाही म्हटले गेले होते. पण त्या कारखान्यांच्या यशात एक गोष्ट आपण सहसा उच्चारीत नाही. सरकारने भागभांडवलात वाटा उचलला, कर्जाला हमी दिली. ते योग्यच झाले. त्याशिवाय शेतकरी उभा राहिला नसता. मग प्रश्न असा की, ऊस पिकवणाऱ्याला जी हमी मिळाली, ती साचा चालवणाऱ्याला का मिळू नये? शेतकऱ्याच्या मागे जमीन होती, मते होती, गाव होते. कामगाराच्या मागे फक्त त्याचे कसब होते, आणि कसब गहाण ठेवून घेणारी बँक अजून निघालेली नाही.

अर्थात सहकार हा परीस नव्हे. साखर कारखान्यांत काय काय झाले, ते आपण सर्वजण जाणतो. इंदूरच्या गिरण्या कामगारांच्या हाती दिल्या असत्या, तर त्या आजतागायत चालल्या असत्या, असे मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. जुने साचे होते, यंत्रमागाशी स्पर्धा होती, कापसाचा भावही तांब्यासारखाच वरखाली होतो. कदाचित कमानीसारखेच झाले असते. पण एवढे मात्र म्हणता येईल. कुर्ल्याच्या कामगारांना तीन वर्षांत किल्ली मिळाली, त्यांनी काही वर्षे कारखाना चालवला, घरे चालवली, मग ते हरले. इंदूरच्या कामगारांच्या हाती गिरणी कधी आलीच नाही. खेळून हरणे आणि बत्तीस वर्षे पटाबाहेर बसून राहणे, यांत फरक आहे.

कायदाही आता बदलला आहे. १९८५ चा तो कायदा आणि ते मंडळ २०१६ च्या डिसेंबरात इतिहासजमा झाले. त्या जागी दिवाळखोरीची नवी संहिता आली. कंपनी मोडीत निघाली, तर कामगारांचे मागल्या चोवीस महिन्यांचे देणे आता तारण असलेल्या सावकारांच्या बरोबरीने धरले जाते. हे पूर्वीपेक्षा बरे की वाईट, ते जाणकार सांगतील. पण कंपनीचे पुढे काय करायचे, हे ठरवणाऱ्या समितीत मत असते ते मुख्यतः पैसा कर्जाऊ देणाऱ्यांना. कामगार पुन्हा घराच्या ओसरीवर.

आपल्या तापीकाठी, बुऱ्हाणपूरची ताप्ती मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली. ती सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाची होती. नंतरच्या वर्षांत कामगार ती सुरू करा म्हणून मागणी करत राहिले. आपल्या ओळखीपाळखीत अशी घरे आहेत. म्हणून हा लेख केवळ जुन्या आठवणींसाठी लिहिला नाही. कारखाना बंद पडला की पहिली दोन-तीन वर्षे मोलाची असतात. यंत्रे तोवर गंजलेली नसतात, माणसे पांगलेली नसतात, गिऱ्हाईक विसरलेले नसते. तेव्हाच विचारले पाहिजे, चालवणाऱ्यांना चालवू द्यायचे का, आणि द्यायचे तर त्यांच्या खेळत्या भांडवलाला कोण जामीन राहणार? किल्लीबरोबर हमी दिली नाही, तर किल्ली देऊन भागत नाही. कमानीने हे शिकवले, दिनेश विडीने दुसऱ्या बाजूने तेच शिकवले.

आता झांकीकडे परत येतो. इंदूरच्या गिरण्या एकामागून एक बंद झाल्या, तरी अनंत चतुर्दशीच्या झांक्या बंद झाल्या नाहीत. गिरणी नाही, पगार नाही, पण बंद गिरण्यांचे कामगार समित्या करून, वर्गणी आणि देणग्या गोळा करून झांक्या काढत राहिले. कुणी लाकूडकाम केले, कुणी रंग दिला, कुणी हिशेब ठेवला. मी एकदा काकांबरोबर त्यांच्या गिरणीच्या झांकीचे काम पाहायला गेलो होतो. सत्तरीचे काका एका तरुण वायरमनला दिव्यांची माळ कशी सोडायची ते सांगत होते. मी गमतीने विचारले, ‘‘काका, ही झांकी कुणाची हो?’’

त्यांना तो जुना प्रश्न आठवला असावा. डोक्याला गुंडाळलेला गमछा सोडून त्यांनी तोंड पुसले आणि म्हणाले, ‘‘ही आमची.’’ मग वर बघून वायरमनवर ओरडले, ‘‘अरे, डावीकडची माळ ढिली आहे. पुन्हा बांध.’’